पडद्यावरचा थेलोनिअस मंक

गवयाला ऐकावे, त्याच्याकडे पाहू नये, असे मानणारे श्रोते आपल्याकडे पुष्कळ आहेत. हातवारे आणि मुद्राविकार यांनी स्वरांत व्यत्यय येतो. डोळे मिटले की गाणे अधिक उलगडते, असा त्यांचा अनुभव असतो. अमेरिकन जाझ संगीतातील पियानोवादक आणि रचनाकार थेलोनिअस मंक हा या नियमाला मोठाच अपवाद होय. त्याच्या वादनात जितके स्वर असतात, जवळजवळ तितक्याच रिकाम्या जागा असतात; आणि त्या रिकाम्या जागी काय चालले आहे, हे केवळ ध्वनिमुद्रिकेवरून कळत नाही. तेथे उजवा पाय जमिनीवर घसरत असतो, खांदा वळत असतो, वर उचललेला हात पट्टीवर पडावा की न पडावा याचा निर्णय क्षणभर लांबलेला असतो. १९५७ ते १९६९ या बारा वर्षांत निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी हा माणूस टिपला. त्यांपैकी काहींना तो दिसला. काहींच्या समोर बसलेला असूनही तो त्यांना दिसलाच नाही.

मंकचा जन्म १० ऑक्टोबर १९१७ रोजी अमेरिकेच्या दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॉकी माउंट या गावी झाला. १९२२ साली त्याच्या आईने मुलांना घेऊन न्यूयॉर्क गाठले आणि मॅनहॅटनच्या पश्चिम भागातील सॅन वॉन हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत बिऱ्हाड केले. त्याच वस्तीत जेम्स पी. जॉन्सन हा नामांकित पियानोवादक राहत असे. डाव्या हाताने खालच्या सप्तकातला एक स्वर आणि मधल्या सप्तकातला स्वरसंघ यांवर आलटून पालटून झेपा घेत ठेका धरायचा आणि उजव्या हाताने त्यावर खेळायचे, ही या पिढीची रीत. (या परंपरेतला एक बिनीचा वादक, टेडी वेदरफर्ड, हिंदुस्थानातही पोहोचला होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याने वाद्यवृंद चालविला आणि १९४५ साली कलकत्त्यात त्याचे निधन झाले.) मंकच्या डाव्या हातात ही जुनी रीत अखेरपर्यंत राहिली. सतरा वर्षांचा असताना शाळा सोडून तो एका धर्मप्रचारिकेबरोबर भटकंतीला निघाला आणि गावोगावच्या प्रार्थनासभांतून वाजवू लागला. १९४० नंतर हार्लेममधील मिंटन्स प्लेहाउस या क्लबात तो नेमणुकीचा पियानोवादक झाला. रात्री उशिरा तेथे चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, केनी क्लार्क अशी मंडळी जमत, आणि त्या जमावातून जाझला जे नवे वळण लागले त्याचा एक शिल्पकार मंक होता. फरक एवढाच, की इतरांनी वेग वाढविला, मंकने तो वाढविला नाही.

त्याच्या वादनाची खूण आपल्या श्रोत्यांना समजावून सांगणे फारसे कठीण नाही. समेवर हात पडेल अशी अपेक्षा निर्माण करावयाची आणि मग थोडे अलीकडे किंवा थोडे पलीकडे स्वर ठेवावयाचा, हा खेळ आपल्या तबलजींच्या आणि गवयांच्या परिचयाचा आहे. त्याला अतीत-अनागत अशी शास्त्रशुद्ध नावेही आहेत. दुसरी गोष्ट अधिक गमतीची आहे. पट्टीच्या वाद्यातून मींड निघत नाही, दोन पट्ट्यांमधला स्वर सापडत नाही, या कारणावरून आपल्या आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके पेटीला मज्जाव केला होता. मंकचीही अडचण तीच होती. त्याला हवे असलेले काही स्वर पियानोच्या पट्ट्यांत नव्हतेच. त्याने वाद्य बदलले नाही. लगतच्या दोन पट्ट्या तो एकदम दाबी आणि त्यांपैकी एक झटकन सोडून देई. कानावर जो ठसा राही तो त्या दोहोंच्या मधल्या कुठल्यातरी स्वराचा असे. बोटे वळवून, वाटोळी ठेवून वाजविण्याची पाश्चात्त्य शिस्त त्याने पाळली नाही. त्याची बोटे सपाट, आडवी पडत. प्रसंगी कोपरही पट्ट्यांवर पडे. समीक्षकांनी पुष्कळ वर्षे याला अज्ञान म्हटले. त्याच्या जुळवाजुळवीतला एक स्वर इकडचा तिकडे करून पाहिला की सारी इमारत ढासळते, हे त्यांच्या उशिरा ध्यानी आले.

मंकला स्वच्छंदी म्हणण्याची प्रथा आहे. ती निराधार नाही, परंतु हा शब्द जपून वापरावयास हवा. १९५६ साली त्याने ‘ब्रिलियंट कॉर्नर्स’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. पंचवीस वेळा प्रयत्न झाले; सोबतीला सॉनी रॉलिन्स, मॅक्स रोच यांसारखे कसलेले वादक असूनही एकदाही ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत निर्दोष वाजली नाही. अखेर निर्माता ओरिन कीपन्यूज याने फितीचे तुकडे जोडून ती पुरी केली. लहर येईल तसे वाजविणाऱ्याच्या हातून असे घडत नाही. तेथे एका हट्टी रचनाकाराचा आग्रह दिसतो. पुढल्याच वर्षी पत्नी नेली रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी असताना त्याने तिच्या नावाने एक रचना बांधली. जाझ म्हणजे उत्स्फूर्त विस्तार, अशी सर्वांची समजूत. या रचनेत मात्र मंकने विस्ताराला जागाच ठेवली नाही. जशी लिहिली तशी ती वाजवावयाची आणि थांबावयाचे.

या हट्टाची किंमत त्याने मोजली. १९५१ मध्ये मित्र बड पॉवेल याच्यासोबत मोटारीत बसला असताना पोलिसांना मादक द्रव्य सापडले. मित्राविरुद्ध बोलण्यास मंकने नकार दिला. त्याला तुरुंगवास घडला आणि त्याहून जबर शिक्षा म्हणजे मद्य मिळणाऱ्या क्लबांतून वाजविण्याचा न्यूयॉर्क पोलिसांचा परवाना गेला. स्वतःच्याच शहरात सहा वर्षे त्याला क्लबात नियमित बसता येईना. नेली शिवणकाम आणि पडेल ते काम करून घर चालवीत होती. संसार एवढ्याशा जागेत. पियानोचा काही भाग स्वयंपाकघरात गेलेला. १९५७ मध्ये परवाना परत मिळाला. फाइव्ह स्पॉट या क्लबात जॉन कोल्ट्रेन या तरुण सॅक्सोफोनवादकाबरोबर त्याची जी बैठक जमली, तिने सारे शहर तेथे लोटले. मंक तेव्हा चाळिशीला पोहोचला होता.

त्याच वर्षी, ८ डिसेंबर १९५७ रोजी, सीबीएस या कंपनीच्या दूरचित्रवाणीवर ‘द साउंड ऑफ जाझ’ हा कार्यक्रम झाला. जाझचे थोर थोर वादक एका मोकळ्याढाकळ्या स्टुडिओत जमले होते. मंकची पाळी आली तेव्हा त्याने आपली ‘ब्लू मंक’ ही बारा मात्राखंडांची साधी, चालत्या पावलांची रचना वाजविली. निर्मात्यांनी योजना अशी केली होती की, पियानोच्या दुसऱ्या अंगाला ज्येष्ठ वादक काउंट बेसी याने बसावे आणि मंककडे कौतुकाने पाहावे. बेसी हसतो, मान डोलावतो, आणि कॅमेरा पुनःपुन्हा त्याच्या चेहऱ्याकडे जातो. प्रेक्षकाने मंकवर काय भाव धारण करावा, हे जणू बेसीच्या चेहऱ्यावरून त्याला वाचून दाखविले जाते. मंकला हा प्रकार अजिबात रुचला नाही. बेसी वाजवील तेव्हा आपणही त्याच्यासमोर जाऊन असेच टक लावून बसू, असे तो म्हणाल्याचे सांगतात. ती तक्रार मानी माणसाची असली तरी चित्रणाच्या दृष्टीनेही रास्त होती.

दुसरे चित्रण लगेच पुढल्या उन्हाळ्यातले. न्यूपोर्ट येथील १९५८ च्या जाझ महोत्सवावर बर्ट स्टर्न या तरुण छायाचित्रकाराने ‘जाझ ऑन अ समर्स डे’ हा रंगीत चित्रपट केला. तो देखणा आहे, याबद्दल दुमत नाही. समुद्रकिनारीचे ऊन, रंगीबेरंगी टोप्या, हेलकावणारे पाणी यांचे सौंदर्य त्यात ठासून भरले आहे. मंक त्यात येतो; पुन्हा ‘ब्लू मंक’च वाजवितो. आणि कॅमेरा थोड्याच वेळात त्याला सोडून समुद्रावर जातो. तेथे शर्यतीच्या शिडाच्या होड्या सराव करीत आहेत. पियानो वाजत राहतो आणि पडद्यावर शुभ्र शिडे फुगत राहतात. आपल्याकडे एखाद्या श्रेष्ठ गवयाची बैठक चित्रित करताना ऐन रंगात मांडवाबाहेरच्या फुलबागेचे दर्शन घडवावे, तसा हा प्रकार. स्टर्नला मंकविषयी अनादर होता असे मुळीच नव्हे. त्याला संगीत ही सुंदर दिवसाची पार्श्वभूमी वाटली, इतकेच. आज त्या होड्या कोणाच्या, याची चौकशी कोणी करीत नाही. मंकची बोटे मात्र त्या काही क्षणांपुरती कायमची गेली.

आणि त्याच १९५८ च्या ऑक्टोबरात काय घडले, ते कोणत्याच कॅमेऱ्याने टिपले नाही. मंक आपल्या स्नेही बॅरोनेस पॅनोनिका द कोनिग्जवॉर्टर हिच्या मोटारीतून बाल्टिमोरकडे निघाला होता. बरोबर सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ होता. डेलावेअर राज्यात न्यू कॅसल येथे एका पांथस्थगृहापाशी तो पाणी पिण्यासाठी उतरला. उंच, धिप्पाड, कृष्णवर्णी आणि विचारल्या प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस पाहून तेथल्या लोकांनी पोलिसांना बोलाविले. पोलिसांच्या प्रश्नांनाही तो उत्तर देईना आणि मोटारीबाहेर येईना. तेव्हा त्याला मारहाण झाली; हात तरी सोडा, म्हणून बॅरोनेस विनवीत असता हातांवरही झाली. परवाना पुन्हा गेला. रंगमंचावर ज्या मौनाला लोक गूढ म्हणत आणि तिकीट काढून पाहावयास येत, तेच मौन रस्त्यावर गुन्हा ठरले. मंकच्या स्वच्छंदीपणाचे वर्णन करताना चित्रविचित्र टोप्यांचा उल्लेख सगळेच करतात. या दुपारीचा उल्लेख त्यांनी सहसा गाळलेला असतो.

पुढे दिवस पालटले. १९६२ मध्ये कोलंबिया या बड्या कंपनीशी करार झाला. २८ फेब्रुवारी १९६४ च्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र झळकले. कीर्ती आली, आणि तिच्याबरोबर विक्षिप्तपणाची कथाही पक्की झाली. या काळातच मायकेल आणि ख्रिश्चन ब्लॅकवुड हे दोघे बंधू जर्मन दूरचित्रवाणीसाठी मंकचे चित्रण करावयास आले. १९६७-६८ मधील काही महिने ते त्याच्या मागोमाग हिंडले. न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, कोलंबियाचा स्टुडिओ, युरोपचा दौरा, हॉटेलांच्या खोल्या, विमानतळ अशा सर्व ठिकाणी ख्रिश्चनच्या हातातला कॅमेरा शांतपणे उभा राहिला. त्याने प्रश्न विचारले नाहीत. सुमारे चौदा तासांची कृष्णधवल फीत जमली. तिचा थोडासा भाग प्रक्षेपित झाला आणि बाकीची डब्यांत पडून राहिली.

ती बाहेर काढण्याचे श्रेय निर्माता ब्रूस रिकर याला आणि दिग्दर्शिका शार्लट झ्वेरिन हिला आहे. झ्वेरिन ही मेझल्स बंधूंच्या गाजलेल्या अनुबोधपटांची संकलक व सहदिग्दर्शिका; माणसाला त्याच्या गतीने वागू द्यावे आणि कात्री उशिरा चालवावी, हे तिचे धोरण. क्लिंट ईस्टवुड या नटाने पाठबळ दिले आणि १९८८ मध्ये ‘थेलोनिअस मंक: स्ट्रेट, नो चेसर’ हा सुमारे दीड तासाचा अनुबोधपट पुरा झाला. ईस्टवुडने त्याच वर्षी चार्ली पार्करच्या जीवनावर नटाकडून अभिनय करवून घेतलेला एक कथापट सादर केला, ही योगायोगाची गोष्ट मोठी बोधक आहे. पार्करची भूमिका कोणी वठवू शकतो. मंकची कोण वठविणार?

या चित्रपटात कॅमेरा मंकच्या हातांजवळ जातो आणि तेथेच थांबतो. करंगळीतली मोठी अंगठी, कपाळावरून निथळणारा घाम, एका हाताने चेहरा पुसत असता दुसऱ्या हाताने नेमक्या जागी ठेवलेला स्वर, हे सारे तेथे सलग पाहावयास मिळते. राउझचा सॅक्सोफोन रंगू लागला की मंक पियानो सोडून उठतो आणि स्वतःभोवती संथ गिरक्या घेऊ लागतो. त्याच्या नावातला मधला शब्द ‘स्फिअर’, म्हणजे गोल, असा होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. परदेशी वार्ताहरांना हा चाळा वाटे. सोबतच्या वादकांना मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. तो नाचतो आहे म्हणजे ठेका जमला आहे. पियानो गप्प ठेवून सहवादकाला मोकळे रान द्यावयाचे आणि आपण अंगाने ताल धरावयाचा, ही त्याची साथच होती. परंतु झ्वेरिन तेथेच थांबत नाही. विमानतळावर, जेथे संगीत नाही, वादक नाहीत, तेथेही तो तसाच गिरक्या घेताना तिने दाखविला आहे. पहिली गिरकी पाहून हसू येते. या दुसरीने मन अस्वस्थ होते. एक कलावंताची, दुसरी कदाचित आजाराची. आणि दोन्ही दिसावयास हुबेहूब सारख्या. कॅमेरा त्यांत निवाडा करीत नाही.

मंकला वारंवार मानसिक आजाराचे झटके येत, रुग्णालयात ठेवावे लागे, आणि त्याचे निदान नक्की काय याविषयी वैद्यांचे एकमत नव्हते. त्याचा मुलगा या चित्रपटात सांगतो, की बापाच्या डोळ्यांत पाहावे आणि आपण कोण हे त्याला नीटसे उमगलेले नाही असे जाणवावे, हा अनुभव मुलाला हादरवून सोडणारा असतो. मुक्त वृत्तीच्या कलावंताचा गौरव करणाऱ्या चित्रात हे वाक्य ठेवण्यास धैर्य लागते. त्याच धैर्याने झ्वेरिनने नेलीही दाखविली आहे. हॉटेलात सामानाची बांधाबांध करणारी, नवऱ्याच्या कपड्यांपासून जेवणापर्यंत सर्व पाहणारी ही किडकिडीत बाई पाहिली म्हणजे मंकचा स्वच्छंद कोणाच्या खांद्यावर उभा होता, याचे वेगळे भाष्य लागत नाही. मधूनमधून टॉमी फ्लॅनगन आणि बॅरी हॅरिस हे दोघे नामवंत दोन पियानोंवर मंकच्या रचना वाजवितात. वादन उत्तम आहे, सफाईदार आहे. आणि त्यानंतर मूळ कृष्णधवल चित्रात मंकचा हात पडला की ती सफाईच उणी वाटू लागते. चित्रपटात काही ठिकाणी आठवणी सांगणारी मंडळी संगीताच्या मध्ये येतात, ही एक उणीव म्हणता येईल. पण ती किरकोळ होय.

१९७६ नंतर मंकने जाहीर रीतीने वाजविले नाही. न्यू जर्सीतील वीहॉकेन येथे, हडसन नदीच्या काठी बॅरोनेसच्या घरी, तो अखेरची वर्षे राहिला. खिडकीतून पलीकडे मॅनहॅटन दिसे. घरात पियानो होता. तो त्याला क्वचितच हात लावी. १७ फेब्रुवारी १९८२ रोजी त्याचे निधन झाले. २००६ मध्ये पुलित्झर समितीने त्याला मरणोत्तर विशेष सन्मान दिला.

आणखी एक चित्रण मात्र उरले होते. डिसेंबर १९६९ मध्ये पॅरिसमधील एका स्टुडिओत फ्रेंच दूरचित्रवाणीसाठी मंकचा कार्यक्रम मुद्रित झाला. मुलाखत घेणारा आन्री रनो हा स्वतः पियानोवादक आणि मंकचा चाहता. तो पियानोला रेलून उभा राहतो आणि प्रश्न विचारतो. उत्तर मनासारखे आले नाही की तोच प्रश्न पुन्हा विचारतो. घरातला पियानो स्वयंपाकघरात का ठेवला होता, हे त्याला मंकच्या तोंडून काहीतरी चमत्कारिक म्हणून हवे आहे. जागा तेवढीच होती, यापलीकडे त्यात काही नव्हते. मग १९५४ सालच्या पहिल्या पॅरिसभेटीचा विषय निघतो. तेव्हाचे श्रोते बिचकले असतील, नाही का, असा रनोचा रोख. मंक थांबत थांबत, मोजक्या शब्दांत सांगतो, की आपले नाव आणि छायाचित्र तर ठळक छापले होते, पण पैसे मात्र सर्वांत कमी मिळाले. रनो चपापतो. हे बरे दिसणार नाही, हे काढून टाका, असे तो फ्रेंचमध्ये आपल्या माणसांना सांगतो आणि पुन्हा पहिल्यापासून प्रश्न सुरू करतो. मंक उठू पाहतो. त्याला परत बसविले जाते. दिव्यांच्या उष्णतेने तो घामाने भिजतो, आणि बोलणे संपले की एकटाच वाजवू लागतो.

प्रक्षेपित कार्यक्रमात ते उत्तर अर्थातच नव्हते. परंतु टाकाऊ ठरलेली मूळ फीत फ्रान्सच्या संग्रहात जपून ठेवलेली होती. आलँ गोमी या सेनेगाली वंशाच्या फ्रेंच दिग्दर्शकाने ती शोधून काढली आणि २०२२ मध्ये ‘रिवाइंड अँड प्ले’ या नावाने तासाभराचा चित्रपट सिद्ध केला. त्याने नवे निवेदन घातले नाही, नव्या मुलाखती घेतल्या नाहीत. कार्यक्रम तयार करताना जे जे कापले गेले, तेच त्याने जोडले: प्रश्नांची पुनरुक्ती, उत्तरांपूर्वीची लांबलचक शांतता, दिवे हलवणाऱ्यांचे आवाज, कोणी बोलत नसताना मंकच्या चेहऱ्यावर येणारे आणि मावळणारे हसू. आणि मानधनाविषयीचे ते उत्तर त्यात आता अथपासून इतिपर्यंत, मधल्या विरामांसह, ऐकू येते.